सासऱ्यांनी घातलेली आंघोळ

नातीला न्हाऊ घालायला बसले की मला बाई सासरेच आठवतेत. ऊसतोडीला गेलतो, तिथं पाचटाच्या कोपीतच थोरली झाली. सासू वारलेली, बाकी बायका फडात. मी एकटीच वाफाळतं पाणी घेऊन बसले, तर सासरे दारातून वरडले, "आधी त्यात तुझं कोपर घाल!"

घातलं, अन् झटक्यात काढलं.

"तुला भाजलं, मग लेकरू काय शिजवतीस?"

त्यांनी गार पाणी ओतलं, पाय पसरून बसले अन् पोरीला पायावर घेतलं.

मी पदर ओढून म्हणलं, "मामा, गडीमाणूस न्हाऊ घालतो का कुठं?"

"जन्मभर कोकरं सांभाळली. मान कशी धरायची ते कळतंय मला."

सांजच्याला बायका लई हसल्या. सकाळी त्यातल्याच दोघी तान्ही लेकरं घेऊन आमच्या कोपीपुढं बसल्या.