शिडाची जहाजं आणि आमची गॅलरी

...नाही, पण मी म्हणतो, जहाजं बघायला आमचीच गॅलरी कशाला? अख्खा किनारा पडलाय की! पण छे! राष्ट्रीय सुट्टी, त्यात शिडाच्या जंगी जहाजांचं संचलन, आणि बंदराच्या बरोब्बर समोर तिसऱ्या मजल्यावर गॅलरी कुणाची? आमची! झालं, दूध यायच्या आधी बेल सुरू. हिचा भाऊ, भावाची बायको, बायकोची बहीण, बहिणीच्या ऑफिसातल्या तिघी, आणि एक दुर्बीणवाले गृहस्थ, जे कुणाचे कोण ते अजून आम्हाला कळलेलं नाही!

आता तुम्हाला सांगतो, गॅलरीला चीर आहे. भिंत आणि लादी मिळते ना, तिथे. आधी त्यात काडेपेटीतली काडी जायची. मग पेन्सिल जायला लागली. त्या दिवशी सकाळी मी करंगळी घातली, तर गेली... आणि पलीकडे वारा लागला हो! स्वतःच्या घरात उभं राहून माणसाच्या करंगळीला बाहेरचा वारा लागतो, म्हणजे काय समजायचं?

हिच्या भावाला बाजूला घेतलं. म्हटलं, चीर बघ. त्यानं कठड्यावर ठोकून बघितलं, डॉक्टर छातीवर ठोकतात तसं, आणि म्हणाला, "काही होत नाही हो, भाऊजी! जुनं काम आहे!" हा सिमेंटच्या गोदामात असतो. म्हणजे, हिशेबाला! पण त्यानं म्हटलं म्हणजे ब्रह्मवाक्य! हीसुद्धा लगेच, "दादा म्हणतोय ना? तुमचं मेलं सदा अभद्र!" मी दाराला 'धोका' अशी पाटी लावली, तर दुर्बीणवाल्यांनी तिच्यावर कोट अडकवला! खाली फुटपाथवर मात्र दोरी बांधून आलो आणि लिहिलं, 'रंग ओला आहे.' कारण 'गॅलरी पडेल' लिहिलं असतं, तर अर्धं गाव वर बघत तिथेच उभं राहिलं असतं!

आणि सासूबाई! त्यांची खुर्ची कुठे? बरोब्बर चिरेच्या पलीकडे, कठड्याला टेकून! "जावईबापू, मला इथून हलवू नका. सगळ्यात उंच जहाज शेवटी येतं म्हणतात." म्हातारीनं त्यासाठी नवीन चष्मा केलेला.

जहाजं निघाली. दिसायला सुंदर, नाही म्हणत नाही, पण बघतो कोण? लोक शिडं मोजतायत, मी चीर बघतोय! बंदरातून सलामीची तोफ झाली... धडाम्... आणि छतातून भुरुभुरु चुना. दुसरी तोफ... सासूबाईंच्या चहात! "साखर कशाला पुन्हा?" म्हणाल्या. मी ओरडलो, आत या! सगळे एका सुरात, "काही होत नाही हो!" आणि एकदम शांत झालं बघा. वारा पडला. त्या शांततेत पायाखाली आवाज आला... कट्. सुपारी फुटावी तेवढाच! आणि तेवढ्यात लांबून ते शेवटचं, काळं, उंच जहाज दिसलं आणि हे सगळेच्या सगळे कठड्यावर लवले!

काय सुचलं कोण जाणे, मी बोंबललो, "अहो, ते मागे वळलं! स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतंय! अगदी जवळून!"

पळाले! चीर सांगितली तर हलेनात, आणि जवळून दिसतंय म्हटल्यावर एकमेकांना तुडवत पळाले! दुर्बीणवाले सगळ्यांत पुढे!

राहिल्या सासूबाई. "जावईबापू, मागे तर न्हाणीघराचे पाइप आहेत. जहाज कुठून येईल?"

"उठा हो!"

"मी नाही उठत. पुढच्या वर्षी मी असेन, नसेन."

"अहो, आत्ताच असाल नसाल!" म्हटलं, आणि खुर्चीसकट ओढल्या. उंबऱ्याला खुर्ची अडकली... पुन्हा कट्... हिसका दिला, दोघं आत आडवे, आणि मागे...

गेली. अख्खी गॅलरी! जहाज समोर जागच्या जागी, आणि आमचा कठडा खाली निघाला! दोरीच्या आत पडली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी रडतोय की हसतोय तेच कळत नाहीये, आणि सासूबाई चष्मा सारखा करून म्हणतात, "अगंबाई! आता कठडा मध्ये येत नाही."

मागून पलटण परत आली, चिडून! "भाऊजी, कसलं जहाज? पाइप दाखवलेत नुसते!" ...आणि दारात थबकले. दाराबाहेर काहीच नाही. नुसतं आभाळ. ही मटकन खालीच बसली. मला वाटलं, आता तरी! आता तरी हा माणूस म्हणेल, भाऊजी, चुकलो!

त्यानं वाकून खाली बघितलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "बघा, मी काय म्हणत होतो? झालं का कुणाला काही?"

पुढच्या वर्षी सगळे गच्चीवर बसणार आहेत. ठरलंसुद्धा! परवा सहज वर जाऊन आलो. टाकीच्या बुडाशी एक चीर आहे. काडी जाते. मी कुणाला बोललेलो नाही... सांगून काही होत नाही हो!