पायाखालची गोधडी

कोराडीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढं एक वयस्क जोडपं उभं होतं. त्यांची जुनी अँबॅसडर ताराचंद मेकॅनिककडं दुरुस्तीला गेली होती.

"काय म्हणे ताराचंद? गियर काहून करकरते?" बाईंनी विचारलं.

"सक्करदऱ्यापर्यंत चालवून पाहिली त्यानं. एकदाबी वाजला नाही म्हणे."

"मी बसली की दरवेळी वाजते. गिअरबॉक्स खोलाले सांगा त्याले."

"खोलायची गरज नाही वं. क्लच पुरा दबला नाही की गियर वाजते."

"मंग पुरा दाबा ना. खाली काय आडवं येते?"

"येते थोडंसं."

"काय येते? मी विचारून राहिली."

"उन्हाळ्यात माहे पाय पोळतात म्हणून तू गोधडी शिवली ना, ते."

"मंग ताराचंदले कशी नाही आली आडवी?"

"तवा ते डिक्कीत होती."

"म्हणजे मी नसली की काढून ठेवता तुमी?"

"तू बसायच्या आधी हातरतो."

"अन् एरवी पाय नाही पोळत?"

"पोळतात."

"उद्या आणा ते घरात. क्लचपुरती कापून देते."

"कापू नको. तुह्या लुगड्याची हाये ते."

"मंग काय करता तिचं?"

"तुह्या पायाखाली हातरू. तिकडं क्लच नाही."