मार्था मॅडमनं देलेलं पदक

हसू नका, पण पन्नाशीत मी कार शिकलो. म्हणजे शिकलो, असं मीच म्हणतो. आमच्या शाळेतल्या मार्था मॅडम रोज माझ्यासोबत अमरावतीहून अकोल्याले यायच्या. मूर्तिजापूरजवळ मी गाडी नालीत घातली, अन् दुसऱ्याच दिवशी त्यांनी मले एका संताचं पदक देलं. "फादरकडून आशीर्वाद घेऊन आणलं, सर. गळ्यातून काढू नका."

मी सगळ्या स्टाफरूमले सांगत सुटलो, "प्रवासाचा संत हाये! आता ट्रकवालेच मले भेतात!"

एक दिवस मॅडमले सोडाले चर्चपाशी थांबलो. फादरनं माझ्या गळ्यात पाह्यलं अन् चेहरा पाडला. "हे तर संत ज्यूडचं पदक. सगळ्यांनी हात टेकले, की लोक याच्याकडे येतात. घरी कोण आजारी आहे?"

मी मॅडमकडे वळलो. "मले प्रवासाच्या संताचं काहून नाई देलं?"

मॅडमनं स्वतःच्या गळ्यातलं पदक बाहेर काढलं, भक्तिभावानं ओठाले लावलं.

"ते मी घातलं ना, सर. तुमच्या बाजूले तर मलेच बसा लागते!"