मागच्या सीटमधला कागद

...आणि कुणी म्हणजे कुणी माझ्यावर विश्वास ठेवला नाही! नवऱ्यानं नाही, शेजाऱ्यांनी नाही, चर्चमधल्या बायकांनी तर नाहीच नाही. का? तर आर्डिस चौथीपर्यंत शिकलेली, आर्डिसनं बटाटे सोलावेत, आर्डिसला गाड्यांतलं काय कळतं! अहो, मिशिगनमध्ये जन्मलेय मी, आमच्याकडे पोरं चमच्याआधी पाना धरतात. पण माझं ऐकतंय कोण?

तुम्हाला सांगते, व्हर्न स्टोलार हा माणूस लबाड आहे. शेवटपर्यंत ऐकून घ्या आणि मग काय म्हणायचं ते म्हणा, पण लबाड आहे. चौऱ्याहत्तर साली यानं माझ्या बापाला एक जुना पिकअप विकला. चालवून बघितला तेव्हा काय मऊ चालला म्हणता! आणि घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्स असा वाजायला लागला, की खिळ्यांचं पोतं जिन्यावरून सुटलंय. उघडला तर आत लाकडाचा भुसा! दाते झिजलेले, आवाज दबावा म्हणून ठासून भरलेला. बाप विचारायला गेला, तर हा टूथपिक चघळत म्हणतो, "काका, बघून घ्यायचं होतं." बघून घ्यायचं होतं! तो हिवाळाभर माझा बाप बर्फातून चार मैल चालत कामाला गेला, माझ्या घरावरून जायचा, आणि मी भांडी विसळता विसळता खिडकीतून त्याची पाठ बघायची आणि म्हणायची, थांब व्हर्न, तुलाच बघून घेते. बावीस वर्षं थांबले! कोण थांबतं हो एवढं? लोक लग्नं मोडतात तेवढ्यात.

तर यंदा, शहाण्णव साली, माझा नवरा डेल्मर गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाला. रंगखात्यात तीस वर्षं, आणि हातात दिलं काय, भिंतीवरचं घड्याळ. दोन दिवस त्या घड्याळाकडे बघत बसला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आर्डिस, मला ती गाडी घ्यायचीय." कुठली ते विचारायला नको होतं. सत्तर सालची. दोन दारांची, नारिंगी, बॉनेटवर काळे पट्टे, आणि इंजिन एवढं थोरलं की रस्त्यावरून गेली तर कपाटातल्या कपबशा हलतात. चोवीस वर्षांचा असताना त्यानंच रंगवल्या असतील शेकड्यांनी, एक घेण्याची ऐपत नव्हती. आमटीत मीठ नसलं तरी मागत नाही हा माणूस, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं! नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? म्हटलं घे, माझ्या आईच्या तळ्याकाठच्या जागेचे आले आहेत ना बारा हजार, घाल त्यात. आणि मग विचारलं, विकतंय कोण?

व्हर्न स्टोलार.

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हटलं, डेल्मर, ती गाडी खोटी आहे. न बघता सांगते. साधी म्हातारीची गाडी आणायची, बारकं इंजिन उपसायचं, थोरलं बसवायचं, वर नारिंगी रंग नि पट्टे, की झाली चौपट किंमत! पण माझं ऐकतंय कोण? डेल्मरनं फ्लॉइडला बोलावलं. हा फ्लॉइड म्हणजे आमच्या तालुक्यातला गाड्यांचा मोठा पंडित, खिशात भिंग घेऊनच फिरतो. शनिवारी सकाळी व्हर्नच्या शेडमध्ये अर्धं गाव डोनट खायला जमलेलं, आणि हा पंडित गाडीखाली उताणा. काचेखालच्या पट्टीवरचा नंबर वाचला, पट्टीचे रिव्हेट वाचले, हो, रिव्हेटसुद्धा वाचतो तो, म्हणे फुलासारखे हवेत. मग इंजिनवरचा नंबर. तोही जुळला. इंजिनच्या ओतकामाची तारीख गाडीच्या आधीची, जशी हवी तशी. नंबर घासून नवा ठोकला असता तर तिथल्या यंत्रानं उठलेल्या मूळच्या बारीक रेघा पुसल्या असत्या, त्याही जशाच्या तशा. बाहेर आला, हात पुसले, म्हणाला, अस्सल. डेल्मरचा हात चेकबुकाकडे!

मी म्हटलं, थांबा. गिअरबॉक्समध्ये भुसा कोंबणारा माणूस रेघा ओढणार नाही होय? मागची सीट काढा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण हे त्या भिंगवाल्याच्याही ध्यानात आलं नव्हतं, पण मी लग्नाआधी तीन वर्षं त्याच कारखान्यात सीटखात्यात होते! दर खात्यात गाडीगणिक एक कागद यायचा, रंग कुठला, इंजिन कुठलं, गिअर किती, सगळं त्यावर. काम झालं की कचऱ्याचा डबा लांब, म्हणून आम्ही बायका तो कागद सीटच्या स्प्रिंगांत खुपसून मोकळ्या व्हायचो. नंबर खोटे ठोकता येतील, पण तो कागद कोण खोटा करणार?

व्हर्नचा चेहरा पडला. "बाई, ती सीट पंचवीस वर्षांत कुणी हलवलेली नाही, शिवण उसवेल." बघितलंत? घाबरला! म्हटलं, उसवू दे, मी शिवून देते.

सीट निघाली. खाली उंदराचं घरटं, तीन नाणी, एक हेअरपिन, आणि स्प्रिंगांत चुरगळलेला पिवळा कागद, नंबराची कड उंदरानं कुरतडलेली, दुसऱ्या कोपऱ्यावर गंजासारखा डाग. फ्लॉइडनं भिंग लावलं, काढलं, पुसून परत लावलं. मीच ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचला, चौथी शिकलेल्या बाईनं! रंग, हिरवा. इंजिन, लहान, सहा सिलिंडरचं. गिअर, आपोआप बदलणारे.

फ्लॉइड पुटपुटला की कधीकधी एका गाडीचा कागद दुसरीत जातो. मी त्याला तिथंच धरला! "माझ्या खात्यात? तीन वर्षांत माझ्या हातून एक कागद इकडचा तिकडे गेलेला नाही, फ्लॉइड. देवाशपथ." आणि मग वळले व्हर्नकडे. पिकअप, भुसा, बर्फ, बापाची पाठ, सगळं काढलं, बावीस वर्षांचं साठवलेलं! त्याच्या तोंडून टूथपिक पडली. लोकांनी डोनट खाली ठेवले. फ्लॉइडनं चष्मा काढला, डेल्मरनं चेकबुक खिशात टाकलं, आणि जन्मात पहिल्यांदा सगळ्या गावानं माझं ऐकलं! काय गार वाटलं म्हणून सांगू. रविवारी चर्चमध्ये मला पुढच्या बाकावर बसवलं. व्हर्नच्या शेडकडे कुणी फिरकेना, शेवटी त्यानं ती गाडी लॅन्सिंगच्या एका दाताच्या डॉक्टरला त्या कागदासकट निम्म्या किमतीत दिली.

डेल्मर? परत घड्याळाकडे बघायला लागला.

आणि ऑगस्टमध्ये त्या दातवाल्याच्या गाडीची पेट्रोलची टाकी गळायला लागली. टाकी उतरवली, तर टाकीच्या डोक्यावर चिकटलेला दुसरा कागद! नारिंगी. थोरलं इंजिन. हातानं बदलायचे चार गिअर. नंबरासकट. टाकी बसवणाऱ्यांनी आपल्या बाजूनं चिकटवलेला, बरोबर गाडीचा.

जत्रेत दातवाल्यानं गाडी मांडली होती, पहिलं बक्षीस, आणि शेजारी काचेत दोन्ही कागद. धूळ झाडून, सरळ करून. खरा आणि चुकीचा. मी म्हटलं, डेल्मर, चल, आपण मका खाऊ. पण तो हलेना. चुकीच्या कागदाच्या कोपऱ्यावरचा तो डाग आता चांगला दिसत होता, आणि तो काही गंज नव्हता, अहो. ओठ होते. लाल. लिपस्टिक लावून जादाची टिपून घेतलेले ओठ.

आता सांगते, काय लपवायचं. जेवणाचा भोंगा व्हायला पाच मिनिटं असली की मी हातात येईल त्या कागदावर ओठ टिपायची आणि जो कागद हातात येईल तो जी सीट समोर असेल तिच्यात खुपसून पळायची. कारण फाटकापाशी डबा घेऊन एक रंगखात्यातला पोरगा उभा असायचा, नारिंगी हातांचा. मग चूक कुणाची? फाटकापाशी कुणी उभं राहायला सांगितलं होतं त्याला? हे मी डेल्मरला म्हटलंसुद्धा. पण माझं ऐकतंय कोण? तो आपला त्या ओठांकडे बघतोय, मग माझ्याकडे, मग परत ओठांकडे. आणि मागून आवाज आला, टूथपिक चघळत.

"बाई, बघून घ्यायचं होतं."

आता तो दातवाला दर रविवारी तळ्यावर जाताना आमच्या घरावरून जातो. कपबशा हलतात. डेल्मर शेंगा सोलत ओट्यावर बसलेला असतो. परवा शेजारचा पाद्री कुंपणावरून म्हणाला, डेल्मर, अशी अस्सल गाडी चालून आली होती, सोडलीस कशी? मी तोंड उघडलं होतं, व्हर्नचं नाव अगदी जिभेवर होतं. पण डेल्मरनं मान वर न करता एक शेंग मोडली आणि म्हणाला,

"आर्डिस."