नमुन्याची आतली बाजू

नाही नाही, तुम्ही शिडीवरून उतरू नका, तुमचं चालू द्या — मी काही कामात लुडबुड करायला आलेली नाही, माझीच केबिन आहे म्हणून बसले आहे, एवढंच. आणि खुर्चीवरचं ते प्लास्टिकही राहू द्या, मी प्लास्टिकवर बसते. बाहेर बसलं की माणसं सह्या मागायला येतात. आत भिंत ओली आहे म्हटलं की कुणी फिरकत नाही. वर्षातून चार वेळा रंगवून घ्यायला पाहिजे ही केबिन. तर काय सांगत होते — हां, बारा वाजता. बारा वाजता साहेब येणार, आणि त्याच्या आत ही एक भिंत, माझ्या खुर्चीमागची, दोन हात देऊन वाळलेली पाहिजे. वाळेल ना? मान हलवलीत, ती मी होकारार्थी धरते. मास्तरांनी पाठवलेली माणसं सगळी अशीच — बोललं तर रंग उडेल असं वाटतं की काय तुम्हाला?

कोण साहेब म्हणता? — म्हणत नाही आहात, पण मानेवरून कळतं. त्या मोठ्या रंग कंपनीचे साहेब हो, ज्यांच्या पाट्या चौकाचौकात आहेत. आमचा हा कारखाना त्यांच्या गाड्या लावायच्या जागेत मावेल. तर त्यांना हा कारखाना विकत हवाय. आणि — आता तुमचं तोंड भिंतीकडे आहे म्हणून सांगते — मीही हवी आहे. म्हणजे विकत नाही, लग्न करून. फायलीत फक्त कारखान्याचं आहे, लग्नाचं तोंडी. पण दोन्ही एकाच जेवणात सांगितलं. सूप संपेपर्यंत कारखाना, मग मी. सही केली की मी अख्ख्या विभागाची प्रमुख, अकराव्या मजल्यावर केबिन, दारावर माझ्या नावाची पितळी पाटी. हसलात ना? हसा. मला पितळी पाटीची हाव आहे, मी लपवत नाही. पत्र्याच्या छपराखाली बादलीत काठीनं रंग ढवळत होते तेव्हापासून आहे. आमची आई तेव्हा म्हणायची, ‘पोरी, बाकीच्या मुली मेंदीनं हात रंगवतात, तू कोपरापर्यंत ऑइलपेंट काय लावून येतेस?’ आता म्हणते, ‘दोन्ही मागण्या एकाच माणसाकडून आल्या, तुझे निदान येण्याजाण्याचे कष्ट वाचतील.’ अशी आई.

अट? आहे ना. अट नसती तर मी इथं प्लास्टिकवर बसून तुमच्याशी बोलत कशाला बसले असते? आमच्याकडे दोनशे चौदा शेड आहेत. साहेब म्हणतात, चाळीस ठेवू. त्याही मशीननं मिसळायच्या, बटण दाबलं की डबा तयार. म्हणजे मास्तरांची नमुना बघून रंग जुळवायची खोली बंद. मास्तरांचा सत्कार करायचा, शाल द्यायची — हे ‘शाल’ साहेब असं म्हणाले की जणू थंडी मास्तरांनाच वाजते. तुम्हाला ती खोली माहीतच असेल. माणसं तिथं काय काय घेऊन येतात! फुटलेल्या कपाचा तुकडा, मुलीच्या फ्रॉकची चिंधी. एक आजोबा बायकोच्या जुन्या स्वेटरची बाही घेऊन आले होते — म्हणाले, झोपायची खोली या रंगाची करून द्या, बाकीचं तिच्याबरोबर गेलं. मास्तरांनी बाही उलटी केली, शिवण दोन बोटं उसवली आणि आतला रंग बघितला. त्यांची रीतच ती. बाहेरून नमुना घ्यायचाच नाही. बाहेरच्या बाजूनं ऊन खाल्लेलं असतं, साबण खाल्लेला असतो, दहा जणांचे हात लागलेले असतात. कापड मुळात काय होतं ते शिवणीच्या आतच कळतं म्हणतात. आणि नमुना परत देताना शिवण अशी घालून देतात की शिंप्यानं चष्मा बदलावा.

पंखा जरा वाढवते हं.

आता तुम्हाला वाटेल, बाईला निवड करता येत नाही. तसं नाही. मी निवडलेली आहेत माणसं, चांगली वाजवून घेतलेली. पहिला वकील — तो नवराच होता, सहा वर्षं. शेडना नावं मी देते ना, तर तो आमच्या शेडकार्डावर एकतीस नंबर आहे, ‘सौम्य राखाडी’. दुकानात फार उठून दिसतो, घरी नेला की ओल आल्यासारखा वाटतो. तक्रारी येतात, पण खपतो. मग दातांचे डॉक्टर. अठ्ठावन्न नंबर, ‘शुभ्र प्रभात’. भिंत झाकायला चार हात द्यावे लागतात आणि तरी खालचं दिसतंच. ते अजून आहेत हं — म्हणजे संपलेलं नाही. माझे बत्तीसच्या बत्तीस दात धड आहेत आणि तरी मी दर महिन्याला त्यांच्या खुर्चीत आ करून बसते. का म्हणजे? तिथं मला बोलावं लागत नाही. आठवड्यातून अर्धा तास मला गप्प बसवणारा तो एकच — महिन्यातून. महिन्यातून म्हणाले मी. तुम्ही रंग बघा.

थांबा, फोन. — हं, डॉक्टर! नाही, अहो, दाढ बरी आहे. रविवार? रविवारचं आज बारानंतर सांगते. नाही, भूल वगैरे काही नको. ठेवते. — बघितलंत? शुभ्र प्रभात.

मास्तरांचा नंबर? मास्तरांचा कसला नंबर? त्यांचा काय संबंध? ते आमच्याकडे नोकरीला आहेत. अकरा वर्षं. मला ‘बाई’ म्हणतात आणि मी त्यांना ‘मास्तर’, यापलीकडे आमच्यात — आता एवढं आहे की नवीन शेड तयार झाली की सकाळी माझ्या या खिडकीच्या कट्ट्यावर तिचा एक बोटभर पट्टा ओढून ठेवतात, उजेडात बघायला. मी सगळ्यांच्या आधी अर्धा तास येते. का म्हणजे, उजेड चांगला असतो तेव्हा! त्यांनी काही लिहून ठेवलेलं नसतं, नुसता पट्टा. बरा असेल तर मी शेजारी टिंब काढते. झालं. अकरा वर्षांत एवढाच पत्रव्यवहार. आणि एकदा, फक्त एकदा, गव्हाळ शेड जुळवताना त्यांनी अंगठ्यानं माझ्या मनगटावर रंग लावून बघितला. ‘बाई, माफ करा, इथं बरोबर दिसतो,’ म्हणाले. तीन दिवस मनगट धुतलं नाही मी. म्हणजे — पाणी नव्हतं. पाण्याची फार टंचाई होती त्या आठवड्यात.

आणि माझं म्हणणं असं की जो माणूस अकरा वर्षांत पट्टा ओढण्यापलीकडे जात नाही, त्याच्यासाठी मी अकरावा मजला सोडायचा का? सांगा ना. साहेब निदान बोलतात तरी. मंगळवारी जेवताना काय केलं माहीत आहे? गळ्यातला टाय सोडला — भर हॉटेलात — आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, ‘तुमच्या केबिनची भिंत या रंगाची करा. तुम्ही बसाल तिथं मागं मी असेन.’ बोलणं आवडण्यासारखं आहे की नाही? ‘खास आजच्यासाठी नवीन घेतला,’ असंही म्हणाले. छान होता टाय, हा बघा — शांत, पोक्त, राखाडीकडे झुकलेला निळा. मी तो मास्तरांकडे दिला. कुणाचा ते सांगितलं नाही. ‘गिऱ्हाइकाचा नमुना आहे, माझ्या भिंतीला हवाय’ एवढंच. त्यांनी दोन दिवसांनी डबा आणि टाय, दोन्ही कागदात गुंडाळून पाठवलं. तो हा डबा, आणि तो हा —

अहो पेंटर. बोलण्याच्या नादात मी भिंतीकडे बघितलंच नाही — हा कुठला रंग लावलात तुम्ही?

नाही, ओला आहे म्हणून झगझगीत दिसतो हे मला सांगू नका, मी रंगच विकते. तो कोपरा वाळलाय. तिथं तर आणखीच — हा मोरपंखी आहे! चांगला नाचरा मोरपंखी. आणि टाय बघा, हा असा भिंतीला लावून धरते. आहे काही नातं? मास्तर चुकले. अकरा वर्षांत पहिल्यांदा चुकले, आणि चुकायला दिवस कुठला शोधला! की मुद्दाम? खोली बंद होणार हे कळलं म्हणून? त्यांच्याकडून मी ही अपेक्षा — झाकण द्या बरं ते. डब्याचं झाकण. आतल्या बाजूला ते काहीतरी लिहितात नेहमी, तारीख, नंबर. हे काय… ‘नमुना जुना. बराच वापरलेला. रंग शिवणीच्या आतून घेतला.’

जुना?

मास्तर कापडाबद्दल चुकत नाहीत. थांबा, ही टायची शिवण बघते. हो, दोन बोटं उसवून पुन्हा घातलीय, आणि आत — आत मोरपंखी. बाहेर विटून राखाडी झालाय, मी त्याला पोक्त म्हणतेय! पण हा मोरपंखी मी कुठंतरी पाहिलाय. माणूस विसरेन मी, शेड नाही विसरत. कुठं बरं — कपाटातून ते धंद्याचं मासिक काढा हो. नको, तुमचे हात रंगाचे आहेत, मीच काढते. तीन वर्षांपूर्वीचं… हं, हे मुखपृष्ठ. वॉर्निशचा कारखाना होता ना एका बाईंचा, तो साहेबांनी घेतला तेव्हाचा फोटो. बाई सही करतायत, साहेब शेजारी उभे, ओठांवर हसू, गळ्यात — बघा. भिंतीकडे बघा आणि फोटोकडे बघा. दुसऱ्या कुठल्या नमुन्याची गरज आहे?

त्या बाई मला गेल्या वर्षी एका सभेत भेटल्या होत्या. त्यांचा कारखाना सहा महिन्यांत बंद झाला, त्या आता बहिणीकडे राहतात. माझा हात धरून म्हणाल्या, ‘साहेब बोलतात फार सुंदर हो. पण तू आपली फाईल नीट वाच.’ मला वाटलं, म्हातारपणी माणूस कडवट होतो. तर त्यांनाही सूप संपेपर्यंत कारखाना आणि नंतर… बाई गं! म्हणजे हा कारखाने घ्यायचा टाय आहे. गणवेश!

नाही, मी रडत नाहीये. टर्पेंटाइन झोंबतंय. काय म्हणता, तुमच्या रंगात टर्पेंटाइन नसतं? मग नसेल, पण झोंबतंय.

आणि मला सांगा, चाळीस शेडवाले, चौकाचौकात पाट्यावाले, ते आमच्या दारात आलेच कशाला? कारण त्यांच्या दुकानातून लोक चिंध्या घेऊन परत जातात आणि आमच्याकडे येतात. त्यांना माझी खोली बंद करायची आहे, कारण तशी खोली त्यांच्याकडे नाही. हे मला मंगळवारी सुचायला पाहिजे होतं, पण मंगळवारी मी सूप पीत होते. ठीक आहे. पितळी पाटी मला हवीच आहे, अजूनही हवी आहे. फक्त ती या दारावर लावीन. आणि साहेबांना सांगेन, भागीदारी करायची असेल तर तुमच्या प्रत्येक दुकानात नमुना जुळवायची खोली काढा, त्या खोल्यांची प्रमुख मी, शिकवणार मास्तर. नको असेल तर हा टाय घ्या, शिवण पक्की घातलेली आहे, अजून दोनतीन कारखाने निघतील त्यात. आणि डॉक्टरांनाही सांगून टाकते, रविवारी येत नाही. माझे दात धड आहेत, हे त्यांना तरी कळू दे.

तुम्ही दुसरा हात सुरू करा, असाच, हाच रंग. साहेबांनी खुर्चीत बसल्याबसल्या बघितला पाहिजे. मी मास्तरांवर उगाच — अहो, हे काय करताय? ब्रश डब्याच्या काठावर असा तीनदा, आणि मग उलटा करून एकदा. हे मी एकाच माणसाला करताना पाहिलंय. कुठं शिकलात? घरी? घरी म्हणजे कुणाच्या घरी?

मास्तर तुमचे थोरले भाऊ? सख्खे?

आणि हे तुम्ही मला आत्ता सांगता! मी तासभर इथं मनगटापासून सुरुवात करून — नाही, मनगट नंतर आलं. आधी काय आलं? पाण्याची टंचाई बोलले का मी? हे देवा. बोलले. हसू नका. तुम्ही हसलात की अगदी त्यांच्यासारखे — नाही, ते हसत नाहीत, त्यांच्या मिशा हसतात. एक शब्द घरी गेला ना, तर या कारखान्यात तुम्हाला पुन्हा ब्रश धरू देणार नाही. किंवा असं करा, जाऊ द्या एखादा. अर्धा. ते पट्ट्यापलीकडे जाणार नाहीत आणि मी टिंबापलीकडे, असं आणखी अकरा वर्षं चालेल. नाही, नको, काही सांगू नका! उद्या सकाळी कट्ट्यावर मीच पट्टा ओढीन. मोरपंखी. बघू, टिंब येतं का.

फोन वाजतोय. — हं. आलेत? पाठवा वर. नाही, पाणी नको, सूपही नको. नुसते वर पाठवा.

चला, आटपा. शिडी राहू द्या, मागच्या जिन्यानं जा, भिंतीला पाठ लागू देऊ नका. झाकण इथंच ठेवा, लिहिलेली बाजू वर. आणि दार ओढून घ्या, भावोजी.

कोण म्हणालं भावोजी? मी? वास चढतो हो रंगाचा डोक्यात. निघा!