हरकत असल्यास कळवावे

हॅलो?… हॅलो, आई? मी याचिन… याचिन हो, तुमची सून! टीव्ही बारीक करा आधी, काही ऐकू येत नाहीये… टीव्ही लावलेला नाही? मग कोण बोलतंय?… पाहुणे? बरं, बसू दे त्यांना. भाजलेल्या बिया ठेवा पुढ्यात, चहा द्या, आणि माझं ऐका. महत्त्वाचं आहे.

आई, घात झाला हो आपला.

नाही, नाही, युएलिंग बरी आहे, शाळेत गेलीये तुमची नात. मी यांच्याबद्दल बोलतेय… अहो, नोकरीचं! सैन्यातून सुटून आले, आता शेजारच्या जिल्ह्याचे पोलीसप्रमुख म्हणून नाव लागलंय ना… आपल्या जिल्ह्यात नाही देत, आई, कितीदा सांगू? स्वतःच्या गावात सगळे काकामामाच निघतात, म्हणून तसा नियमच आहे… हो, हो… ऐका ना! तर ते नाव काही दिवस फलकावर लावतात. कुणाची हरकत असेल तर खालच्या नंबरवर फोन करायचा. आजवर कुणी चकार शब्द काढला नाही. आणि काल कुणीतरी फोन केला! राजरोस, स्वतःचं नाव सांगून!

जेवतायत कुठले! सकाळपासून गॅलरीत बसून तेच तेच बूट पुसतायत. … हो ना. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यातली एकत्र किती काढली सांगा बरं? हे पामीरच्या बर्फात आणि मी इथे. लेकीने बापाला सुट्टीपुरतंच पाहिलंय. परवा मला विचारते, "आई, आता बाबा रोज जेवायला असणार?" काय सांगू तिला? हे पद हुकलं तर कुठेतरी प्रांताच्या टोकाला टाकतील यांना. मला भीती वाटतेय, आई. खरंच वाटतेय.

तक्रार काय म्हणजे? यांच्या तुकडीतला एक जुना सोबती आहे त्या कचेरीत, त्याने हळूच सांगितलं, फोन करणाऱ्याचं नाव तेवढं सांगितलं नाही. ऐका! "माणूस आळशी आहे. डोकं गरम. लहानपणापासून कुणाच्या बापाचं ऐकत नाही. याला पोलिसांवर बसवलं तर त्या जिल्ह्याचं काही खरं नाही." आणि कहर म्हणजे टोपणनावही लिहून घेतलंय, "कुत्र्याचं उष्टं"! गुंडांना असतं तसं! आता दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेलं हे यांचं लहानपणीचं नाव गावाबाहेर कुणाला ठाऊक आहे? म्हणजे गावातलंच कुणीतरी. कोण तो जळका मेला, ज्याला…

आई?… हॅलो?

काय?

तुम्ही?

तुम्ही केलात फोन?

थांबा. मला खाली बसू दे.

का, आई? का?… शेजारच्या खुई मावशी म्हणाल्या? काय म्हणाल्या? नंबर दिलाय तर आईने एक फोन केलेला बरा दिसतो… बरा दिसतो!… मग? मग पलीकडचा काय म्हणाला?… "आजी, मुलगा फार कर्तबगार निघाला तुमचा." आणि तुम्ही म्हणालात, छे!… अहो, माहितीये मला, रीत आहे! आपल्या पोराला कुणी चांगलं म्हटलं की आपण नावं ठेवायची. पण ती भाजीवालीपाशी, आई! हे लोक लिहून घेत होते!… हो, तुम्ही नम्रपणेच बोललात. त्यांनी नम्रपणेच उतरवून घेतलं!

मी ओरडत नाहीये… बरं, ओरडतेय.

आता ऐका. आज-उद्या चौकशीला माणसं येतील तुमच्याकडे. त्यांना नीट सांगायचं. माझ्यामागून म्हणा, "माझा मुलगा प्रामाणिक आहे."… म्हणा ना!… "जेवायला बरा आहे" नाही हो! प्रामाणिक!… दृष्ट कसली लागतेय पंचेचाळीस वर्षांच्या घोड्याला!… जीभ वळत नाही? आयुष्यात एकदा वळवा! बरं, "कष्टाळू आहे" म्हणा… काय? "पांघरुणाची घडी चांगली घालतो"? अहो, सगळेच सैनिक घालतात! पोलीसप्रमुखाला पांघरूण कोण विचारतंय!

जाऊ दे. आई, एक विचारू? तुम्हाला त्यांचं काही वाटतं तरी का हो? इतक्या वर्षांत तुम्ही होऊन एकदा तिकडे फोन केला नाहीत. सुट्टी संपून ते निघाले की तुम्ही पाठ फिरवून चुलीपाशी. ते बोलत नाहीत, पण मला दिसतं ना…

काय?… रोज?

रोज रात्री पामीरचं हवामान बघत होतात? टीव्हीवर?… आणि तिथे फार गारठा दाखवला की?… तुम्हीही शेगडी पेटवायची नाही? आई! त्या गुडघ्यांनी? नव्या वर्षाला यांचा रिकामा वाडगा मांडता ते मला ठाऊक होतं, पण हे… हे तुम्ही कुणालाच…

कोण आली होती?… कधी?… बर्फाचा कडा कोसळला तेव्हाचं? हे तर मला म्हणाले होते, कुणाला काही झालं नाही. दोनदा आत गेले? बर्फाखालची शिपाईपोरं काढायला? आणि त्यातल्या एकाची आई तुमच्या दारात येऊन पाया पडली… मग तुम्ही काय म्हणालात तिला?… "त्याला अक्कल नाही म्हणून गेला आत." अहो आई!… मी नाही रडत. तुम्ही का रडताय?… पुसा डोळे. हेच सांगा त्यांना. अगदी असंच. ती माणसं आली की…

आलीत?

कधी आली?… पाहुणे म्हणजे तेच? मघापासून समोर बसलेत? आणि फोन… फोन स्पीकरवर आहे? म्हणजे "प्रामाणिक म्हणा, कष्टाळू म्हणा" हे सगळं त्यांनी…

मेले मी.

कुणाला बोलायचंय? नको, नको, आई, देऊ नका… हॅलो. नमस्कार साहेब… हो, मी त्यांची बायको… पढवत नव्हते हो! म्हणजे, पढवत होते, पण खोटं नव्हते पढवत… हो… हो, साहेब… आईंचं सगळं नव्याने लिहून घेतलंत? फार उपकार झाले… आता फक्त पत्नीचं मत राहिलंय? विचारा ना, विचारा… काय म्हणालात? असा अधिकारी पाहिला नाही? इश्श, छे हो साहेब! तुम्ही उगाच चढवताय. कसले आलेत कर्तबगार! घरातला साधा नळ दुरुस्त होत नाही त्यांच्याच्याने. आणि संताप म्हणाल तर असा की…

अगं बाई!

साहेब? नाही, नाही, ते लिहू नका! रीत आहे हो ती, तोंडात बसलेली… साहेब, पेन खाली ठेवा आधी! आई, हसताय काय, सांगा ना त्यांना!… साहेब?… हॅलो?… हॅलो?