पॅक सुकेपर्यंत

—नाही मॅडम, डोळे मिटूनच ठेवा आणि ओठ हलवू नका, चेहऱ्यावरचा पॅक सुकतोय अजून. बोलायचं काम माझ्याकडे. तर काय सांगत होते — कप. पाळीचा हो. धुऊन धुऊन वर्षानुवर्षं वापरतात तो नव्हे, हा एकदा वापरून फेकून द्यायचा, मऊ, पसरट. औषधाच्या दुकानातली मुलगी म्हणाली, ताई, दिवसभर बघायला नको. मी म्हटलं, दिवसभर? मला बाई सवय काय, तर एक गिऱ्हाईक झालं की आत पळायचं — डाग लागला की काय. भीती वाटली का? वाटली की. आत हरवला तर? पण हरवून जाणार कुठे, चार खोल्यांचं घर थोडंच आहे ते. तर गेले बाथरूममध्ये, आणि चूक काय केली — मसाज आटपून तशीच गेले, हाताला कोल्ड क्रीम. कप दुमडला, चिमटीत धरला, आणि सटकला की हो, टुणकन उडी मारून दाराखालच्या फटीतून बाहेर. बाहेर कोण? पार्लरच्या मालकीणबाई. त्यांनी उचलला, उलटासुलटा पाहिला, म्हणाल्या, केस रंगवायची नवी वाटी मागवलीस का गं? मी आतून म्हटलं, हो. काय सांगणार, कपाळ?

मग साबणाने हात धुतले, दुसरा काढला, आणि बसला बाई. बसला तो बसला, संध्याकाळपर्यंत मी विसरूनच गेले पाळी आहे म्हणून. पांढरा एप्रन घालून खाली बसून वॅक्सिंग केलं. काढताना थोडा पसारा झाला, खोटं कशाला बोलू, पण फेकला आणि मोकळी. तुम्ही म्हणाल, या वयात ही भानगड कशाला? लेकीसाठी. तिला द्यायच्या आधी आपण घालून बघावा, दुखलं तर मला दुखू दे. रविवारी तिची पोहण्याची शर्यत ना — तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच तिच्या कोच. मध्येच ताप आला म्हणून सरावाला दांडी मारते ना ती? कसला ताप न् काय. पाळी असते. आता तुम्ही तिच्या जागी दुसरीला उतरवणार म्हणे, तर उशीत तोंड खुपसून रडतेय. कामचुकार नाही हो माझी पोर, लाजते नुसती — अरे देवा. तिने बजावलं होतं, आई, कोचना सांगितलंस तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी. आणि मी बसले सगळं ओकून.

थांबा, उठू नका, पुसू दे आधी. हं. आता बोला, काय बोलायचं ते. काय? कान? कान दुखतो म्हणून तुम्ही मधूनच पाण्यात न उतरता काठावरूनच शिकवता, हे सांगते ती घरी, पण त्याचं आत्ता काय — दर महिन्याला दुखतो? अगं बाई. तुम्ही पण?

बरं. म्हणजे रविवारी तीच उतरणार. नाही, नाही, डोळ्यात पॅक गेला असेल माझ्या, दुसरं काय. हा कप धरा तुम्हाला, पाकिटात एक जास्तीचा आहे. आणि तिच्यासमोर चकार शब्द काढायचा नाही, कळलं? उठा आता, पुढची बाई कधीची ताटकळलीय.